पाणी घाला, रेटू नका

मी बोलतेय. इकडे, खाली, गोपीनाथरावांच्या पत्र्याच्या डब्यात, गंजलेल्या पंचाच्या शेजारी. हो, मीच ती ड्रिल मशीनला लावायची डायमंड बिट. नावावर जाऊ नका, माझ्यातले हिरे कोणी गळ्यात घालणार नाही. मी बोटभर लांबीची पोकळ नळी आणि माझ्या काठावर हिऱ्याची भुकटी, एवढाच माझा थाट. मला दात नाहीत. तरी पोर्सेलिनची कडक फरशी मी खाते, फक्त सावकाश आणि पाण्याबरोबर.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, देव जाणे. मला जाग आली ती भोपाळच्या सोनागिरीत, सौरभच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळ्याला टांगलेल्या पाकिटात. भिंतीला भोक पाडू पाहणारा प्रत्येक पुरुष स्वतःला इंजिनियर समजतो, हे ज्ञान मला तिथंच मिळालं.

गोपीनाथराव तर जवळजवळ तेच होते. पस्तीस वर्षं मोठ्या कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये पोलादाला भोकं पाडून निवृत्त झालेले. सौरभ मला त्यांच्या हातात देताना म्हणाला, “अंकल, पानी डालते रहना. और दबाना मत, नहीं तो जल जाएगी.”

“बेटा, तू पैदा नहीं हुआ था, तब से ड्रिल चला रहा हूँ.”

मी पाकिटाच्या तळाशी सरकले.

भोपाळमधल्याच अवधपुरीतल्या त्यांच्या घरी पोचल्यावर सगळा प्रकार कळला. शशिकलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. बाथरूममध्ये आधाराला काही नव्हतं. म्हणून रोज गोपीनाथराव त्यांचा हात धरून आत जायचे आणि भिंतीकडे तोंड करून शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूर मोठ्यानं वाचायचे. पुण्याहून मुलीनं, मंजूषानं, फोनवर सोमवारपासून आंघोळ घालायला एक बाई ठरवली होती. शशिकलाबाईंना बाई नको होती आणि शाम्पूवाचनही नको होतं. त्यांना दार लावून एकटीनं आंघोळ करायची होती.

उपाय सोपा होता. भिंतीला स्टीलचा दांडा लावायचा, त्याला चार स्क्रू. शनिवारी गोपीनाथरावांनी कामाला हात घातला आणि पहिली गोष्ट केली ती कारखान्यातली. लोखंडाला भोक पाडण्याआधी पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, टेकवून हातोडीचा एक घाव घालतात, म्हणजे खूण बसते आणि बिट घसरत नाही. तोच घाव त्यांनी फरशीवर घातला. वरपासून खालपर्यंत तडा!

“फरशीच कच्ची होती,” ते म्हणाले.

“हो ना. तिनंच डोकं आपटून घेतलं असेल,” शशिकलाबाई म्हणाल्या.

त्यानंतर मला आणलं गेलं. त्या नक्षीची फरशी आता बाजारात मिळत नव्हती. शिल्लक एकच, ती गच्चीवर कोरफडीच्या कुंडीखाली. भिंतीवर हात पोचेल अशा जागी धड फरश्या उरल्या होत्या दोन. त्या फुटल्या की सोमवारी बाई येणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

रविवारी सकाळी शशिकलाबाई बाथरूमच्या दाराशी स्टुलावर बसल्या. गोपीनाथराव तेलाची कुपी घेऊन आले.

“अहो, तो पाणी म्हणाला होता ना?”

“तो पोरगा आहे गं. बिटला तेलच लागतं.”

“मग आधी कुंडीखालच्या फरशीवर दाखवा.”

त्यांनी मला मशीनमध्ये आवळलं, तेल सोडलं, मशीनला ठोके मारायला लावणारं हॅमरचं बटण चालू ठेवलं आणि सगळं पोट मशीनवर टाकलं. मी आधी बर्फावर असल्यासारखी घसरले, मग तापले, मग धूर निघाला. माझी अर्धी भुकटी तिथंच गेली आणि फरशीचे दोन तुकडे झाले.

गोपीनाथराव पालथ्या बादलीवर बसले. फरशीचे दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. मग म्हणाले, “शशी, मला जमत नाहीये गं. पस्तीस वर्षं हेच केलं आणि तुझ्यासाठी चार भोकं पडत नाहीत.”

मला फार वाईट वाटलं. भाजलेली मी होते, तरीही.

शशिकलाबाईंनी सॉसची रिकामी बाटली मागवली, पाण्यानं भरली आणि स्टूल आत सरकवून घेतलं. “चाळीस वर्षं एकच सांगतेय तुम्हाला. रेटू नका. आता तरी ऐका.”

त्यांनी ऐकलं! हॅमर बंद केला, मला तिरकं धरलं, काठानं फरशीवर चंद्रकोर उमटू दिली, मग हळूहळू सरळ केलं. वेग अगदी कमी. शशिकलाबाई बाटली दाबत होत्या, पांढरं पाणी भिंतीवरून ओघळत होतं. तीन मिनिटांनी माझ्या पोटात फरशीची गोल चकती आली, शर्टाच्या बटणाएवढी. तडा नाही. फरशीमागच्या विटेसाठी साधी बिट होतीच, तिला हॅमर चालतो.

दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्याला माझ्यात जेमतेम धुगधुगी होती. मध्येच बाटली संपली. पूर्वीचे गोपीनाथराव असते तर रेटून मोकळे झाले असते. हे थांबले, उठून बाटली भरून आणली. त्या शेवटच्या घोटावर मी पार गेले आणि संपले.

दांडा बसला. गोपीनाथराव स्वतः त्याला लोंबकळले, दांडा हलला नाही. मग शशिकलाबाईंनी तो धरला, उठल्या, उभ्या राहिल्या. “आता बाहेर व्हा,” त्या म्हणाल्या. आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा आतून कडी लागली. बाहेर ओल्या शर्टानं उभ्या गोपीनाथरावांनी मंजूषाला फोन लावला, बाई नको म्हणून सांगितलं आणि डोळे पुसले.

मला विकताना सौरभ म्हणाला होता, ‘घिस जाए तो फेंक देना.’ यांनी मला डब्यात ठेवलं, चारही चकत्यांसकट. पाहुण्यांना त्या चकत्या दाखवतात, तडा गेलेल्या फरशीवर टॉवेल टांगून. माझ्या पुढच्या बहिणींसाठी एवढंच मागणं आहे, की त्यांना पाणी द्या आणि वेळ द्या.

बाकी माझं बरं चाललंय. रोज सकाळी कडी लागल्याचा आवाज येतो. गोपीनाथराव दाराबाहेर उगाच घुटमळतात आणि दर दोन मिनिटांनी विचारतात, “शशी, झालं का? ठीक ना?”

आतून उत्तर येतं, “रेटू नका!”