कंबरमोड्याला एक वाटा

ट्रॅक्टर कसा पारखायचा, ते मला कुणी शिकवू नका. मी दोन ट्रॅक्टर पारखले हायत, एकाच दिवशी, आमच्या मुरब्याच्या वाळूत. दोनी नालायक. फरक इतकाच, की एकाचा नालायकपणा आमच्या कामाचा होता.

शहाऐंशी साल असंल. प्रताप तवा मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. वामन तांडेलाचा पोरगा. बाप असा, की वाऱ्याचा वास घेऊन सांगायचा, उद्या पापलेट कुठं मिळंल. पोरगा असा, की ताटातल्या पापलेटालाच बोलायला लागायचं, "बाबा, मी पापलेट, खा मला." बोयसरला कारखान्यात सुपरवायजर का काय होता. तिथनं टेरिकॉटची पँट नि एक शब्द घेऊन परत आला. आधुनिकीकरण. होडी गळते? आधुनिकीकरण. जाळं फाटलं? आधुनिकीकरण. बायकोनं जेवायला नाय वाडलं की मात्र गप.

आता आमच्या किनाऱ्याची रीत ऐका, नायतर पुढचं कळायचं नाय. होडी आली की भरतीच्या रेषेच्या वर ओढून ठेवायची. नाय ठेवली तर समुद्र नेतो, तो काय विचारायला येत नाय. खाली लाकडं टाकायची, तेल चोपडायचं, जाड दोर बांदायचा नि सगळ्यांनी मिळून ओढायचं. जो दोराला हात लावील त्याला होडीवाल्यानं मासळीचा एक वाटा द्यायचा. म्हातारा असो, बाय असो, हात लागला की वाटा. माजी चूल त्याच वाट्यावर. माजा नवरा समुद्रात नाय गेला, ताडीत बुडून गेला. पण शेजारच्या नवसीचा खराच बुडाला, होडीसकट, जाळ्यासकट. राहिली ती नि तिची सासू. तिला तो वाटा सोडून दुसरं काय नव्हतं. पण हात काय होते पोरीचे! ती दोराला लागली की होडी लाजून आपली आपण वर यायची.

तर सोसायटीच्या बर्फाच्या खोलीत मीटिंग भरली. बायकांना बोलावणं नव्हतं. म्हणून मी नि नवसी दारात टोपली घेऊन बसलो, जसं काय बर्फ घ्यायला आलो. प्रताप उबा राहून बोलायला लागला, "आपण ट्रॅक्टर घेणार आहोत. होड्या ट्रॅक्टर ओढेल. माणसांचे श्रम वाचतील."

मी दारातनं म्हटलं, "कुणी सांगितलं वाचव म्हणून?"

"जमनाकाकी, तुम्ही मध्ये बोलू नका."

"मी दारात हाय, मदे नाय."

"आणि ट्रॅक्टर आला," तो माज्याकडे न बगता म्हणाला, "की दोराचा वाटा बंद. तसा ठरावच करतोय. ओढणारच नाहीत तर वाटा कशाचा?"

नवसीच्या हातातली टोपली खाली पडली. आत सगळ्यांनी माना हलवल्या. भरतीत खुंटाला बांदलेल्या होड्या हलतात तशा, कारण नसताना.

मी म्हटलं, "प्रताप, माज्या आजीची गोष्ट ठाऊक हाय का तुला? रत्नाबाईची? वादळात एकटी होडी ओढत होती, दोर दातात नि पोर काखेत. असा हिसका दिला, असा हिसका दिला, की होडीमागून समुद्रच चार हात वर आला. तवापासून भरती आदी मुरब्याला येते नि मंग सातपाटीला. सातपाटीवाल्यांना विचार, खोटं वाटलं तर."

"काकी, ही लोकसभा नाही."

"तिथं पण असंच बसतात म्हणे, बर्फावर?"

ठराव झाला. मंग प्रश्न आला, कुठला ट्रॅक्टर? नि तिथं आमच्या बाप्यांची अक्कल बगायला मिळाली.

प्रतापला पायजे होता पालघरच्या शोरूममदला लाल, साधा. मागं दोन मोठी चाकं, पुढं दोन छोटी, सगळे ट्रॅक्टर असतात तसा. एकनाथ म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी, त्याच्या मेव्हण्याकडे दुसराच एक होता. घोलवडच्या एका शेठनं चिकूच्या वाडीसाठी परदेशातनं मागवलेला. शेठ गेला, पोरांना वाडी नको नि ट्रॅक्टर पण नको. चारी चाकं सारखी, बुटका, हिरवा. नि स्टिअरिंग फिरवलं की चाकं वळायचीच नाय. आख्खा ट्रॅक्टर मदोमद कंबरेत मोडायचा, म्हणून आमी त्याचं नाव कंबरमोड्या ठेवलं. पुढचा अर्दा पालघरला, मागचा अर्दा डहाणूला.

"झाडांच्या मधनं कसा पण जातो," एकनाथ म्हणाला.

"समुद्रात झाडं हायत का रे?" मी विचारलं.

शेवटी ठरलं, दोनी किनाऱ्यावर आणायचे, एकेक होडी ओढून बगायची. थंडीचे दिस होते, बोंबलाचे. किनाऱ्याच्या वरच्या अंगाला वलांड्या लागलेल्या. बांबू उबे, त्यांना दोऱ्या ताणलेल्या, नि दोऱ्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीनं टांगलेले. सगळ्यात मोक्याच्या जागी, जिथं ऊन पण नि वारा पण, तिथं चेअरमनच्या बायकोच्या, चंद्रकांताच्या वलांड्या. ती जागा तिला लोकशाहीनं मिळाली, म्हणजे ती जाऊन बसली नि कोण उठवायला गेलं नाय.

ट्रॅक्टर चालवायला बेटेगावात खोली घेऊन राहणारा रामकिसन आणला होता, परभणीकडचा, गरीब माणूस. समुद्र बगून म्हणाला, "लईच पानी हाय की वो." मी म्हटलं, "सगळं नाय ओढायचं, नुसती होडी."

पुरुष माणसं ट्रॅक्टरभोवती फिरायला लागली. चाकाला लाथ मार, बॉनेट उगडून आत बग, खाली वाकून बग. पोरगी बगायला गेल्यासारखी. काय कळत होतं? होडीच्या इंजिनात पाणी गेलं तर देवाला नारळ फोडणारी माणसं ही.

पयला लाल. दोर बांदला, रामकिसननं गिअर टाकला, नि होडी सरसर वर आली. एकट्यानं! नवसीनं माजा दंड धरला.

"काकी, गेला आपला वाटा."

"थांब. हिरवा बगू."

हिरवा बांदला. त्यानं दोर ताणला, नि चारी चाकं वाळू उडवायला लागली. रामकिसननं स्टिअरिंग इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं. हिरवा नुसती कंबर हलवतोय, लग्नातल्या मेव्हण्यासारखा, नि होडी हाय तिथंच. पोटापर्यंत रुतला. शेवटी आमी सगळे दोराला लागलो, तवा होडी पण वर आली नि तो पण.

"हा कसला," मी म्हटलं. "वाळलेली कोलंबी हाय ही. नालायक."

नवसी माज्याकडे बगत राहिली. मंग हळूच म्हणाली, "म्हणून तर बरा, काकी."

पोरगी दिसायची गरीब, पण डोस्कं होतं! मी पण तिच्याकडे बगितलं नि आमी दोगी हसलो. लाल आला तर दोर सुटला हातातनं. हिरवा आला तर त्यालाच ओढायला माणसं लागतील.

पण प्रताप लालच्या बॉनेटवर हात ठेवून उबा, फोटोला उबा राहतात तसा. "निर्णय स्पष्ट आहे," म्हणाला.

लाल तवा वर, वलांड्यांच्या तोंडाशी उबा होता. मागं होड्या, पुढं नि दोन्ही बाजूला बांबू. मी पदर खोचला नि पुढं गेले.

"प्रतापशेट, चांगलाच हाय हा. वर आला झोकात. आता खाली कसा जाणार?"

"म्हणजे?"

"दुसरी होडी ओढायला पाण्याकडे जायला पायजे ना? वळव की."

रामकिसन मान वळवून बगत होता. "आवं मावशी, हितं न्हाई वळायचा ह्यो. ह्याला वळाया रान लागतंय मोठं."

"ऐकलंस? याला वळायला सातपाटीला पाठवायला लागंल. तिथनं वळून संध्याकाळपर्यंत येईल परत. एकनाथचा हिरवा बगा, मगाशी एका बांबूभोवती फिरला, मांजर शेपटीभोवती फिरतं तसा."

सगळे हसले. एकनाथ जास्तच हसला, तिथंच घोटाळा झाला. प्रतापचं तोंड ट्रॅक्टरच्या रंगाचं झालं.

"वळव रे," तो रामकिसनला म्हणाला.

"सायेब, न्हाई वळायचा."

"मी सांगतो ना, वळव! पूर्ण स्टिअरिंग मार!"

गरीब माणसानं मारलं पूर्ण. पुढची चाकं आडवी झाली, वाळूत घुसली, नि ट्रॅक्टर वळायचा सोडून सरळच गेला. चंद्रकांताच्या वलांडीत. पयला बांबू मोडला, त्यानं दुसऱ्याला ओढलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, नि आख्खी रांग खाली. बोंबलांची दोरी सायलेन्सरला अडकली, एक रामकिसनच्या गळ्यात पडली. मुरब्यात असा सत्कार कदी मंत्र्याचा पण नाय झाला. बोंबील इतके उडाले, इतके उडाले, की बोयसरला गाडीत बसलेल्या बाईच्या मांडीवर एक जोडी पडली. ती अजून वाट बगते दुसऱ्या जोडीची.

नि मंग चंद्रकांता आली. हातात कोयती. ती चालत आली, पळत नाय. म्हणजे बगा किती रागात होती.

"कुणी केलं?"

सगळ्या किनाऱ्यानं एका बोटानं प्रतापकडे दाखवलं. सर्वानुमते.

"अगं, चाचणी होती…"

"चाचणी? माज्या बोंबलावर चाचणी? सकाळपासून पाठ मोडून टांगले मी, नि तू आलास हा लाल रेडा घेऊन! बापानं समुद्रात होडी वळवली, तुला वाळूत गाडी नाय वळवता येत? हा रेडा उद्या इथं दिसला ना, तर त्याच्या शेजारी तुलाच टांगीन. तोंडात तोंड अडकवून!"

संध्याकाळी सोसायटीनं जाहीर केलं की सखोल विचारानंतर हिरव्या ट्रॅक्टरची निवड झाली हाय. सखोल! कोयतीइतकं सखोल.

पण वाटा बंदचा ठराव तसाच होता. प्रतापला वाटलं, हिरवा रुतला तर लोकं येतील की हात लावायला, सार्वजनिक काम म्हणून. फुकट.

पुढच्याच भरतीला त्याची स्वतःची होडी आली, पापलेटनं भरलेली. हिरवा गेला ऐटीत, दोर बांदला, नि कंबर हलवत हलवत रुतला. मागनं लाटा होडीला आपटायला लागल्या. होडी आडवी व्हायला लागली.

"या रे! या सगळे! हात लावा!" प्रताप ओरडला.

आमी वाळूत बसलो होतो. कोण उठलं नाय. नवसी तर दोराच्या अगदी जवळ बसली होती, हात मांडीखाली घालून.

"काकी, चला ना!"

"वाटा?" मी विचारलं.

"वाटा बंद आहे. ठराव झालाय."

"मग ठरावाला सांग ओढायला."

एक लाट होडीत शिरली. दोन पापलेट बाहेर उडाले नि पोहत गेले. मेलेले होते तरी गेले, चेअरमनला बगून.

प्रताप नवसीकडे वळला. त्याला वाटलं, ही गरीब, ही उठंल. "नवसी, तू तरी. तुला समजतं, होडी जाणं म्हणजे काय असतं."

मला वाटलं, आता ही उठते. डोळे भरले होते तिचे. पण म्हणाली, "समजतं ना. माजी गेली तवा तुमी ट्रॅक्टर नाय आणला. ह्या लोकांनी वाटा दिला."

मागनं त्याची बायको ओरडली. "दे ना वाटा, मेल्या! पापलेट पोहत चाललेत नि हा ठराव धरून बसलाय!"

"बरं! देतो! वाटा चालू!"

"कुणाला?" मी विचारलं.

"दोराला हात लावील त्याला!"

"कायमचा?"

"कायमचा, काकी, आता उठा!"

नवसी उठली. ती उठली तसा आख्खा किनारा उठला. रामकिसन ओरडला, "पुडं वजन टाका कुनीतरी, चाकं उचलतायत!" वजन म्हटल्यावर सगळ्यांनी चंद्रकांताकडे बगितलं. ती तडक बॉनेटवर जाऊन बसली, देवी रथात बसते तशी. हैस्सा म्हटलं, नि होडी आली वर. लाकडांवरनं अशी आली, की आमीच बाजूला झालो.

वाटे नवसीनंच घातले. त्या दिवसापासून तीच घालते. चंद्रकांतानं वाटा मागितला, तर नवसी म्हणाली, "वहिनी, तुमी बसला होता, हात नाय लावला." किनाऱ्यावर चंद्रकांताला गप बसलेली मी तेवडीच बगितली.

रामकिसन बाजूला उबा होता, लाजत. परभणीच्या माणसाला काय ठाऊक, रीत काय ती. नवसीनं त्याला हाक मारली. म्हणाली, "दोर तुमच्या ट्रॅक्टरला बांदला होता ना? मग त्याचा पण वाटा." नि दोन पापलेट त्याच्या हातात ठेवले. एका माणसाचा वाटा. तेवडाच.

मला विचाराल तर तो पण जास्तच झाला. म्हातारा महादू त्या दिवशी एका हातानं ओढत होता, दुसऱ्या हातात बिडी, नि त्यानं कंबरमोड्यापेक्षा जास्त ओढलं.