वच्छलाबाईंचा वरचा मजला

पाणी अजून आलेलं नाही

"तर मंडळी, शहराच्या तिजोरीत खडखडाट आहे, आणि नव्या जलवाहिनीसाठी पालिकेला आपला वाटा भरता आला नाही तर आपल्या चढावरच्या गल्लीत पाइप काही लवकर पोचत नाही, म्हणून घरपट्टीचा दर वाढवायचा ठराव सोमवारी सभागृहात येतोय, आणि त्यावर तुमच्या नगरसेविकेनं हात वर करावा की नाही हे आज तुम्हीच..."

"पाणी आलं!"

खालच्या अंगानं एवढाच आवाज आला आणि खंडोबाच्या ओट्यासमोरच्या सगळ्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. एक उलटी पडली. राजनंदिनीच्या हातात माइक राहिला आणि समोर एक कुत्रं. त्याला घरपट्टी लागू नव्हती.

चूक तिचीच. हर्सूलच्या या गल्लीत पाण्याच्या दिवशी कुणी साखरपुडासुद्धा ठेवत नाही. तिनं शनिवार ठरवला तेव्हा पाणी शुक्रवारी यायचं होतं. मग ते एक दिवस पुढं सरकलं, आणि नव्या नगरसेविकेला ते कळलं सगळ्या गल्लीसोबतच.

"मग मीच येते घरोघरी," ती माइकमध्ये म्हणाली.

कुत्र्यानं शेपटी हलवून अनुमोदन दिलं.

भंडारा

निवडणुकीच्या आधी याच ओट्यावर तिच्या सासूनं, वच्छलाबाईंनी, तिच्या तळहातावर बेलाचं पान ठेवलं होतं. पानावर चिमूटभर भंडारा टाकला होता आणि गल्लीदेखत वदवून घेतलं होतं: घरपट्टीचा दर एका रुपयानंही वाढू देणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुढं मतंही दिली. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडायचा नसतो. मोडणाऱ्यांचं पुढं काय झालं याच्या गोष्टी वच्छलाबाई जेवायला वाढताना सांगतात.

त्याच दिवसांत राजनंदिनीनं आणखी एक शब्द दिला होता. भंडाऱ्याशिवाय, मालनकाकूंच्या अंगणात. चढाच्या टोकापर्यंत पाणी आणीन.

दर वाढला तर पहिला शब्द जातो. नाही वाढला तर दुसरा.

पाणी खालच्या घरी

बद्रीकाकांचं घर उताराच्या तळाशी, म्हणून पाणी आधी त्यांच्याकडं. सिल्लोडकडं त्यांची मक्याची शेती, इथं कंपनीत नोकरी. त्यांची मोटार सुरू झाली की वरच्या सगळ्या नळांना उचकी लागते.

"काका, दर वाढला तर तुमची काही हरकत?"

"दर?" पायानं पाइप दाबून धरत बद्रीकाका म्हणाले. "वाढव की. एका लग्नाच्या आहेरात जातेत तेवढे."

"म्हणजे मी हात वर करू?"

"खुशाल कर. फक्त एक सांग पोरी, दर वाढवला म्हंजी नव्यानं मोजायला माणसं येतेत का?"

"येतील कदाचित."

काकांचा पाय सुटला. पाइप फणा काढल्यासारखा उठला आणि नगरसेविका गुडघ्यापर्यंत भिजली.

"मग नाय! अजिबात वाढवायचा नाय! गोरगरीब जनतेवर अन्याय हाय हा!"

गोरगरीब जनतेचं घर तीन मजली होतं. पालिकेच्या दप्तरी तिथं अजून पत्र्याच्या दोन खोल्या होत्या.

पाणी मधल्या घरी

इथं राहतात प्रमोदिनीताई, बँकेतून निवृत्त. त्या टाकीच्या पलीकडं होत्या, राजनंदिनी अलीकडं. त्यामुळं चेहरे नाहीत, फक्त बोलणं.

"आम्ही बाई प्रामाणिक करदाते. एप्रिलमध्येच भरून मोकळे होतो."

"म्हणूनच तुमचं मत घ्यायला आले, ताई."

"माझं मत स्पष्ट आहे. आधी सेवा, मग कर."

"कर नाही तर सेवा कुठून आणायची?"

"सेवा नाही तर कर कशाबद्दल भरायचा?"

"वर कसला आवाज येतोय हो?"

"आमच्या हिमानीचा योगाचा क्लास. गच्चीवर."

"गच्चीला छत कधी घातलं?"

"ऊन लागतं गं पोरींना."

"एसीपण लावलाय वाटतं."

"कागदोपत्री तो जिना आहे."

"जिन्यात एसी?"

"राजनंदिनी, टाकी भरत आली. आपण नंतर बोलू हं."

पाणी वरच्या घरी

आलं नाही.

मालनकाकूंनी नळाखाली हंडे ओळीनं मांडले होते. नळ उघडा होता. अधूनमधून तो फुस्स करायचा आणि काकू त्याच्याकडं रागानं बघायच्या, जसं काही तो जावई आहे.

"काकू, दर वाढवला तर चालेल?"

"वाढव. टँकरवाल्याला देतेच ना? त्याच्यापरीस पालिकेला देईन. पण मला एक सांग. माही एक खोली. कागदात बी एकच खोली. माह्या एका खोलीवर वाढवशील, अन् त्या बद्रीच्या दोन खोल्यांवर वाढवशील. मग त्याचे वरचे मजले कुणाचे? खंडोबाचे?"

राजनंदिनी ओट्यावर बसून ओढणी पिळायला लागली. खाली बद्रीकाका दराला घाबरले नव्हते. प्रमोदिनीताईही नाहीत. दोघं घाबरले होते मोजपट्टीला.

"काकू," ती म्हणाली, "गल्लीतली सगळी घरं खरी खरी लिहिली, सगळ्या शहरातली लिहिली, तर दर वाढवायला लागणारच नाही."

"हौ. पण जरा जपून बोल, नगरसेविकाबाई."

"का?"

"आधी तुह्या सासूचा वरचा मजला लिही, मग शहर लिही!" मालनकाकूंना एवढं हसू आलं की ठसका लागला. राजनंदिनीनं पाणी द्यायला हंडा उचलला. हंडा रिकामा.

पाणी गेलं

वच्छलाबाई मेथी निवडत बसल्या होत्या.

"आई, वरच्या खोल्यांची नोंद करायची म्हणते."

"कोणत्या वरच्या?"

छतावर कुणीतरी खुर्ची ओढली. तिथं नर्सिंग शिकणाऱ्या चार मुली भाड्यानं राहतात.

"आपल्या डोक्यावरच्या."

"ती गच्ची हाय."

"गच्चीतून लसणाच्या फोडणीचा वास येतोय, आई."

वच्छलाबाईंनी एक जून काडी मोडली. "नीट आईक. माह्या पाटल्या मोडून बांधलाय तो मजला. तुह्या सासऱ्यानं जन्मात मला दहा रुपये हातावर ठेवले नाय. या वयात पहिल्यांदा माहे म्हणून पैसे येतेत, अन् त्यात बी पालिकेला वाटा देऊ?"

राजनंदिनीला हे माहीत नव्हतं. पाटल्या चोरीला गेल्या असंच घरात सगळे म्हणायचे. तिनंही मेथीची एक जुडी पुढं ओढली.

"मग सोमवारी दर वाढवायला हात वर करते," ती शेवटी म्हणाली.

"कामून? भंडारा उचललाय तू!"

"तुम्हीच उचलायला लावलाय. हात वर केला की तो मोडतो. नाही केला तर मालनकाकूंच्या नळाला नुसती हवाच. दर तसाच ठेवून घरं मोजायची, म्हणजे दोन्ही शब्द राहतात. पण मी दुसऱ्यांची घरं मोजा म्हणायचं आणि माझ्याच डोक्यावर मजला लपवायचा, तर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं काय, लोक तर..." वच्छलाबाई अडल्या. लोकांनी काय म्हणायचं ते या गल्लीत त्याच ठरवतात. "लोक म्हणतील, वच्छलाचीच सून."

त्या रात्रीची पहिली भाकरी करपली आणि ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

मोजमाप

रविवारी सकाळी राजनंदिनीला जाग आली ती आरड्याओरड्यानं.

"बद्री! ए बद्री! जिना उघड!"

वच्छलाबाई गल्लीच्या तळाशी, बद्रीकाकांच्या फाटकात. गळ्यात ब्लाउजचं माप घ्यायची टेप. मागं वरच्या मजल्यावरच्या चारही मुली, कारण त्यांनीच उजाडता उजाडता आजीला गच्ची मोजून दिली होती. गच्ची तीन खोल्यांची निघाली.

"काय झालं, वच्छलावहिनी?" बद्रीकाका बनियनवर बाहेर आले.

"माहा मजला लिहून झाला. आता तुहे."

"कोण म्हणलं लिहायला?"

"मी म्हणते! मी एकटीच भरू व्हय? अन् तू तिसऱ्या मजल्यावर बसून मला हसू?"

"मी कशाला हसू?"

"हसशील. मी वळखत नाय का तुला?"

ती टेप ब्लाउजची, घर तीन मजल्यांचं. एक मुलगी भिंतीवर अंगठा ठेवायची, दुसरी तिथून पुढं टेप धरायची, तिसरी आकडा विसरायची. पहिल्याच खोलीत दोन वेळा मोजलं तर दोन उत्तरं आली. बद्रीकाकांना मोठं उत्तर मान्य नव्हतं, वच्छलाबाईंना लहान. भोवती सगळी गल्ली जमली. कालच्या सभेपेक्षा उपस्थिती चांगली होती.

"अहो, अशानं संध्याकाळ होईल," प्रमोदिनीताईंना राहवेना. "थांबा, आमच्याकडं बांधकामाची लांब टेप आहे."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

"तुमच्याकडं कामून हाय, ताई?" वच्छलाबाईंनी गोड आवाजात विचारलं. "जिना मोजायला?"

प्रमोदिनीताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चला," त्या म्हणाल्या. "पण एसी मोजायचा नाही."

चढाच्या टोकाला मालनकाकू ओट्यावर बसून चहा पीत होत्या. त्यांच्याकडं पोचायला दुपार झाली. एकच खोली, एकाच दमात मोजून झाली. कागदावर होती तेवढीच भरली. वच्छलाबाईंनी टेप गुंडाळली आणि कुणी न सांगता त्या मालनकाकूंशेजारी बसल्या.

"वच्छला, लई मोठी झालीस गं," मालनकाकू म्हणाल्या.

"गप. चहा दे."

सभागृह

दरवाढीच्या बाजूनं लांब भाषणं झाली, विरोधातही झाली. राजनंदिनीची उपसूचना दोन वाक्यांची होती. दर आहे तोच ठेवावा. नोंद नसलेली बांधकामं मोजून नोंदवावीत, सुरुवात माझ्या घरापासून, गल्लीनं आपली मापं सोबत दिली आहेत.

सभागृहातले बरेचजण छताकडं बघायला लागले, जणू आपापलं छत आठवत होते.

"बाई, तुम्ही नवीन आहात," मागच्या बाकावरून एक ज्येष्ठ सदस्य प्रेमानं म्हणाले. "घरी विचारलं का?"

"घरच्यांनीच मोजून दिलंय," राजनंदिनी म्हणाली आणि वर प्रेक्षकांच्या गॅलरीकडं हात केला. तिथं वच्छलाबाई टेप गळ्यात घालून बसल्या होत्या. टेप घरी ठेवायला त्या विसरल्या होत्या, असं त्या नंतर सांगत राहिल्या.

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. हसण्याच्या भरात कुणाला विरोध सुचला नाही. दरवाढ पुढच्या सभेपर्यंत तहकूब. तोवर हर्सूलच्या त्या गल्लीत मोजणी करून बघावी आणि तिथून किती पैसे जमा होतात त्यावर ठरवावं. चढावरच्या पाइपचं काम यादीत राहील. म्हणजे सगळं मिळालं असं नाही. पण एकही शब्द गेला नव्हता.

भंडारा, पुन्हा

"दर?" रिक्षातून उतरता उतरता वच्छलाबाईंनी पक्कं करून घेतलं.

"एका रुपयानंही वाढला नाही, आई."

"अन् आपली पट्टी?"

"दुपटीच्या वर जाईल."

वच्छलाबाईंनी घरासमोरच्या खंडोबाच्या ओट्याकडं बघून हात जोडले, मग वरच्या मजल्याकडं बघून आवाज चढवला. "पोरींनो! पुढच्या महिन्यापासून भाडं वाढणार हाय!"

वर दाणकन दार उघडलं. चौघी धडाधडा जिना उतरून आल्या.

"आजी, हे चालणार नाही!"

"आधी सेवा, मग भाडं!"

"वरच्या नळाला पाणीच चढत नाही!"

चौथी सरळ स्वयंपाकघरात गेली, हळदीचा डबा घेऊन आली आणि तिनं खंडोबाच्या ओट्याशेजारच्या बेलाचं एक पान तोडलं.

"आजी," ती म्हणाली, "हात पुढं करा."

वच्छलाबाईंनी दोन्ही हात चटकन पदराखाली घेतले आणि सुनेकडं बघितलं. राजनंदिनी हसू दाबत ओट्याकडं गेली, शनिवारपासून उलटी पडलेली खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर बसली.

"बोला मंडळी," ती म्हणाली. "आज पाण्याचा दिवस नाही."