जिवलीची ओळ

पालघरच्या कॉलेजात मी संख्याशास्त्र शिकवते. मुलं मला घाबरतात, आणि घाबरावंच त्यांनी.

यंदा सगळ्या वर्गाला मिळून एकच काम दिलं होतं. 'आर' नावाच्या संगणकभाषेत 'सांग' असा एक हुकूम करायचा. समोर ज्याचं नाव येईल त्याप्रमाणे त्याने उत्तर द्यायचं. किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या धीरजने मासळीचं लिहायचं, जिवलीने त्यांच्या डोंगरावरच्या भात-नागलीचं.

जिवली हुशार पोर. शुक्रवारी मी डबा उघडते न उघडते तोच दारात येऊन उभी.

"मॅडम, सोमवारपासून मी नाय येत. भाऊ बोईसरला कंपनीत पॅकिंगला लावतोय."

"का गं? कुणी काही बोललं?"

"नाय. मला जमतच नाय. भाताचं लिवते तवा चालतं. मंग सगळ्यांचं एकत्र चालवलं की माझं पुसलेलं असतं. धीरजचं ऱ्हातं."

माझं डोकंच फिरलं. भावावर, कंपनीवर आणि सगळ्यात जास्त त्या मेल्या भाषेवर. डबा तसाच झाकला.

"बस इथे. हलायचं नाही."

फायली पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. आधी 'सांग' हा हुकूम जाहीर करायचा, मगच त्याला आपलं उत्तर जोडायचं, असा नियम. प्रत्येक पोराने आपल्या फायलीत तो इमानेइतबारे नव्याने जाहीर केला होता. आणि नव्याने जाहीर झाला की आधी जोडलेलं सगळं साफ. धीरजची फाईल जिवलीच्या नंतर चालायची, एवढाच काय तो तिचा दोष.

मग मी 'जोड' नावाचं एक छोटं फंक्शन लिहिलं. हुकुमाचं नाव, कशासाठी आणि काय करायचं, इतकंच त्याला एका ओळीत द्यायचं. हुकूम आधीपासून असेल तर ते त्याला हात लावत नाही, नसेल तरच जाहीर करतं. पोरांच्या मागची कटकट गेली.

जिवलीने आपली ओळ लिहिली, धीरजचीही बदलली. सगळं एकत्र चालवलं. मासळीचं उत्तर आलं, भाताचंही आलं. ती पडद्याकडे बघतच राहिली. मला तिला पोटाशी धरावंसं वाटलं, पण तोंडातून निघालं, "झालं ना? येते हात धुऊन."

परत आले तरी ती खुर्चीतच.

"मॅडम, 'सांग'ला तुमचं नाव देऊन बघा."

मी 'स्वातीमॅडम' टाकलं. पडद्यावर उमटलं: आधी ओरडतात. मंग जेवण टाकून जवळ बसतात.

डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून मी डबा उघडला नि अर्धी भाकरी तिच्यापुढे सरकवली.

"आणि सोमवारचं काय?"

"अजून धीरज ऱ्हायला, ललित ऱ्हायला, दीपिका ऱ्हायली," भाकरी मोडत ती म्हणाली. "अख्खा वर्ग लिवायचा हाय. आज कसं व्हायचं? सोमवारी येऊन बसते."