पहिल्याच प्रकरणात मेलेली मुलगी

"शी, काय कुबट वास येतोय ह्याला! आई, मला दुसरं दे ना," माझ्या पानांत नाक खुपसूनच अंतरा कुरकुरली.

तिचं खोटं नाही, मित्रांनो. मी डोंबिवलीच्या वाचनालयातली एक जुनी रहस्यकथा आहे, खास किशोरांसाठी छापलेली. मुखपृष्ठावर बॅटरी घेतलेला गोरापान मुलगा, आणि कोपऱ्यात पैंजण घातलेलं एक पाऊल. ते बंगल्यातल्या मोलकरणीच्या मुलीचं. पहिल्याच प्रकरणात तिचा खून होतो. मग बंगल्यातली हुशार मुलं सँडविच खात खात खुनी शोधतात. तिला नाव द्यायचं मात्र लेखकाच्या राहूनच गेलं.

एके काळी माझ्यासाठी नंबर लागायचे. वाचून झालं की सगळे एकमेकांना विचारायचे, "तुला खुनी ओळखता आला?" मी वाट बघायचे, 'ती कोण होती?' असं कुणीतरी विचारेल. पुढे हातांत फोन आले आणि मी फळीवर पडून राहिले. वाट बघणं काही सुटलं नाही.

या सुट्टीत अंतराच्या आईने, सरोजताईंनी, वाचनालयातून पुस्तकं आणून घरी मुलांचा वाचनकट्टा सुरू केला. अंतराने मला टाकलं आणि प्राचीने उचललं. प्राचीची आई शेवंती सरोजताईंकडे पोळ्या करते. सुट्टीत प्राची आंबिवलीहून आईबरोबर येते. माझ्यातल्या त्या मेलेल्या मुलीच्या पानावर प्राचीचा अंगठा किती वेळ थांबायचा! वाटायचं, आत्ता तरी हिला वाचवावं. पण छापलेलं मला कुठे बदलता येतं?

कट्ट्याचा नियम एकच, शेवट फोडायचा नाही. आज कट्ट्यावर, प्राचीआधी मला वाचलेला मुकुल म्हणाला, "भारी आहे! फक्त शेवटी हीरो बोलतो ना, अशा मुलींचं..."

"ए, स्पॉयलर!" अंतरा ओरडली.

"बरं बरं, पुढचं पुस्तक घ्या," सरोजताई घाईने म्हणाल्या. शाळेत असताना त्यांनीही मला वाचलं होतं.

मित्रांनो, मला कव्हर घाला, माझे कोपरे दुमडू नका. पण त्याआधी माझ्यात मेलेल्या मुलीची जरा चौकशी करा. आज प्राची गप्प बसली असती, तर मी पुन्हा फळीवर गेले असते, आणि ती मेलेली मुलगीही माझ्याबरोबर.

प्राचीने मला छातीशी धरलं. तिची धडधड माझ्या पुठ्ठ्याला कळत होती. स्वयंपाकघरात लाटणं थांबलं.

"काकू, तो हीरो म्हणतो, 'अशा मुलींचं असंच होतं.' अशा म्हणजे माझ्यासारख्या ना?"