डावीकडे दीड मिलीमीटर

माझी डावी बाजू उजव्या बाजूपेक्षा दीड मिलीमीटर खाली आहे. नुसत्या डोळ्यांना हे जाणवत नाही. माझ्या वरच्या कडेवर स्पिरिट लेव्हल ठेवली, तरच तिच्यातला बुडबुडा मधल्या रेषेवरून उजवीकडे सरकतो. हा फरक साडेतीन वर्षांपूर्वी मोजला गेला आणि तो अजून तेवढाच आहे.

मित्रांनो, मी एक जुना स्मार्ट थर्मोस्टॅट आहे. निगडी प्राधिकरणातल्या एका घरात, हॉलच्या भिंतीवर, ही पांढरी चौकोनी डबी बसवलेली आहे. खोलीचे तापमान मोजायचे आणि ठरवून दिलेल्या अंशाप्रमाणे एसी चालू किंवा बंद करायचा, हे माझे काम. शिवाय घरापासून दूर असलेला माणूसही फोनवरून माझे तापमान पाहू शकतो. तो पाहत असतो तेवढा वेळ माझ्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका उजळतो. त्याने पाहणे थांबवले की ठिपका विझतो. हा ठिपका लक्षात ठेवा.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यात झाला. मोनिका नावाच्या मुलीने मला एक तास पाच अंशांच्या पेटीत ठेवले आणि एक तास पन्नास अंशांच्या पेटीत. दोन्ही वेळा मी बरोबर आकडा दाखवला. मग तिने माझ्या पाठीवर मॉडेलचा नंबर चिकटवला आणि तो अंगठ्याने घट्ट दाबला. त्या वर्षी आमची दोन मॉडेल निघत होती. समोरून ती अगदी सारखी दिसत. फरक एवढाच, की एकाच्या नंबराच्या शेवटी एक होता आणि दुसऱ्याच्या शेवटी दोन. मी कोणता, ते मला कळले नाही. स्वतःची पाठ कोणाला दिसते?

मला या घरात मिहिरने आणले. तेव्हा भोसरीला त्याचे छोटे वर्कशॉप नुकतेच सुरू झाले होते. एका शनिवारी त्याने भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली, दोन भोके पाडली, माझी बैठक स्क्रूने आवळली आणि मला तिच्यावर दाबून बसवले. त्याचे वडील सुरेंद्र मागे उभे राहून पाहत होते. ते चाकणच्या एका मोठ्या कंपनीत सुट्या भागांची तपासणी करत. त्यांनी कपाटातून स्पिरिट लेव्हल आणली.

"डावीकडे दीड मिलीमीटर खाली आहे," ते म्हणाले.

"बाबा, हवा गार होतेय ना?"

"होतेय म्हणजे बरोबर बसलाय असं नाही."

"अहो, त्याला जेवू तरी द्या," मिहिरची आई, चारुलताबाई, स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "घरातसुद्धा तपासणी!"

मिहिर हसला. "पुढच्या रविवारी सरळ करतो. नक्की."

तो रविवार आला. पण तेव्हा मिहिर या घरात नव्हता.

मधल्या गुरुवारी काय झाले, ते मी त्या संध्याकाळच्या बोलण्यातून जोडले. मिहिरच्या वर्कशॉपला पहिली मोठी ऑर्डर वडिलांच्याच कंपनीकडून मिळाली होती. सहाशे पितळी बुश होते, म्हणजे यंत्राचा दांडा ज्यात फिरतो त्या छोट्या नळ्या. ते तपासणीला सुरेंद्ररावांच्या टेबलावर आले. आतला व्यास दोन शतांश मिलीमीटरने जास्त भरला. त्यांनी सगळा माल परत पाठवला.

"दोन शतांश, बाबा!" मिहिर म्हणत होता. "दुसऱ्या कुणाचे असते तर सवलतीत घेतले असते."

"म्हणूनच नाही घेतले. मुलगा आहे म्हणून सोडलं, असं कुणी म्हणायला नको."

"नाकारा ना! मी नाही म्हणतच नाही. पण बाजूला घेऊन सांगायचं होतं. अख्ख्या फ्लोअरसमोर म्हणालात, असलं काम घरीच ठेव. ऑपरेटर हसले, बाबा. मला ऐकू आलं."

मिहिरची बायको अनुया दाराशी उभी होती. चारुलताबाईंच्या हातात पोळीचे पीठ तसेच होते. हॉलमध्ये सव्वीस अंश होते. मी नोंद केली. त्या वेळी मला दुसरे काही करता येत नव्हते.

शनिवारी मिहिर आणि अनुया पुनावळ्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. सहा महिन्यांनी वर्कशॉप बंद झाले. मिहिरने नोकरी धरली. बापलेक त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. चारुलताबाई मात्र दर गुरुवारी निगडीहून बस पकडून डबा घेऊन पुनावळ्याला जात. सुरेंद्रराव कधी विचारत नसत. डब्यात काय आहे, ते मात्र वाकून पाहत.

पण मित्रांनो, एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. मी अजून मिहिरच्या फोनला जोडलेला होतो. त्याने मला काढून टाकले नव्हते. रोज संध्याकाळी सहा चाळीसला, शिफ्ट सुटल्यावर, कंपनीच्या बसमध्ये बसला की तो फोन उघडून माझ्याकडे पाही. घर एकोणतीस अंश. घर अठ्ठावीस अंश. तो काही बदलत नसे. फक्त पाही. अर्धा मिनिट, कधी एक मिनिट. तेवढा वेळ माझा ठिपका उजळे.

ही गोष्ट फक्त मलाच ठाऊक आहे, असे मला वाटत होते. ते चुकीचे होते. निवृत्त झाल्यावर सुरेंद्रराव रोज साडेसहाच्या आत फिरून परत येऊ लागले. माझ्यासमोरच्या खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसत. ठिपका उजळला की पान उलटायचे थांबत. विझला की उठून चहा ठेवत.

एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर एसीची सफाई करायला भोसरीहून समाधान आला. त्याची नजर चांगली होती.

"काका, ह्ये जरा कलतं बसलंय. सरळ करून देऊ का? पाच मिंटाचं काम हाय."

"हात लावू नका त्याला," सुरेंद्रराव इतक्या जोरात म्हणाले, की समाधान स्टुलावरून खाली उतरला.

"जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मोजल्या," चारुलताबाई त्याला पाणी देत म्हणाल्या. "ही एक तेवढी चालते यांना."

मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी त्या पुनावळ्याहून परतल्या आणि पिशवी टेबलावर ठेवत म्हणाल्या, "मिहिरला कंपनीचा मेल आलाय, त्या डबीचा. जुनं मॉडेल असेल तर एकतीस तारखेनंतर फोनवर दिसणार नाही. नवं असेल तर चालू राहील. ॲपमध्ये म्हणे दोन्ही सारखीच दिसतात. पाठीमागे नंबर असतो, शेवटी एक असेल तर जुनं, दोन असेल तर नवं. तेवढा बघायला सांगितलाय."

"कुणाला?"

"घरात दुसरं कोण आहे?"

सुरेंद्रराव माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बघू."

मला बैठकीवरून ओढून काढायला दोन बोटे पुरतात. नंबर वाचायला दोन सेकंद. ज्या माणसाने आयुष्यभर पार्ट नंबर वाचल्याशिवाय एकही वस्तू पुढे जाऊ दिली नाही, तो पुढच्या गुरुवारी म्हणाला, "चष्मा सापडत नाहीये." त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणाला, "बघू ना, अजून वेळ आहे." चष्मा नाकावरच होता. शेवटचा आकडा एक निघाला तर काय होईल, हे त्यांना नीट माहीत होते. वाचला नाही तोवर तो दोन असू शकत होता.

तीस मेला चारुलताबाई त्यांच्या समोरच येऊन बसल्या.

"तुम्ही तो ठिपका बघता, हे मला पहिल्यापासून माहितीय."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"त्याला मी सांगितलेलं नाही. तो तिकडून अंश बघतो, तुम्ही इकडून ठिपका बघता, आणि मी मधे डबे वाहते. साडेतीन वर्षं. परवा ठिपका बंद झाला तर काय बघणार आहात?"

सुरेंद्रराव उठले. दोन बोटांनी त्यांनी मला अलगद ओढून काढले आणि उलटे केले. खिडकीपाशी नेऊन माझी पाठ उजेडात धरली. मोनिकाने दाबलेले लेबल अजून तसेच होते. त्यांचा अंगठा शेवटच्या आकड्यावर थांबला.

"एक," ते म्हणाले.

असे मला माझे मॉडेल कळले. मी जुना होतो.

त्यांनी मला परत बैठकीवर बसवले. बैठकीचे स्क्रू सैल करून मला सरळ करणे तेव्हा सहज जमले असते. मिहिरची पेन्सिलची रेघ बैठकीच्या कडेला दिसत होती. त्यांनी ती पाहिली आणि स्क्रूंना हात लावला नाही.

एकतीस मेला सहा चाळीसला ठिपका उजळला. त्या दिवशी मिहिर सात मिनिटे पाहत होता. घर एकतीस अंश. इतका वेळ त्याने कधीच पाहिले नव्हते. सुरेंद्ररावांनी वर्तमानपत्र उघडलेसुद्धा नाही.

मित्रांनो, मी थकलेलो नाही. माझे मोजमाप आजही बरोबर आहे. हॉलमधला एसी मी अजून काही वर्षे चालवीन. पण माझ्याकडे फक्त अंश आहेत. घरातला माणूस जेवला का, त्याला झोप लागते का, तो कोणाची वाट पाहतो का, यातले मला काहीच मोजता येत नाही. तुम्हाला आपल्या माणसाची खबर हवी असेल तर माझ्यासारख्याकडून घेऊ नका. आमचे मॉडेल जुने होते. आम्हाला एखाद्या तारखेला कोणीतरी दुरून बंद करते.

काल एक जून होता. सहा चाळीस झाले. ठिपका उजळला नाही. सहा पंचेचाळीस झाले. सुरेंद्रराव खुर्चीतून उठले, जवळ आले आणि त्यांनी माझ्या कोपऱ्यावरची धूळ बोटाने पुसली. धूळ नव्हतीच. सहा बावन्नला त्यांनी फोन हातात घेतला. चारुलताबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथेच थांबल्या. रिंग चार वेळा वाजली.

"मिहिर, बाबा बोलतोय."

पलीकडून बसचा आवाज तेवढा येत होता.

"मॉडेल जुनंच आहे. मी नंबर बघितला... हो, आज नाही दिसणार तुला. मला इथं कळलं. तू बघायचास तेव्हा इथं कळायचं."

पुन्हा बसचा आवाज.

"हे बघ, ते बुश चुकलेलेच होते. ते मी आजही परत पाठवीन." त्यांनी दुसरा हात भिंतीला टेकवला, अगदी माझ्या शेजारी. "पण त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोललो, ते चूक होतं. माझी चूक. हे मला तेव्हाच सांगायचं होतं. रविवारी घरी ये. अनुयालाही घेऊन ये. डावी बाजू अजून दीड मिलीमीटर खाली आहे. तू सरळ करणार होतास. मी हात लावलेला नाही."