खिळ्यावरचा चष्मा

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे आणि आधीच बजावून ठेवतो, मला तुमची कीव नको. माझी एक दांडी दोऱ्याने बांधलेली आहे, काचांवर चरे आहेत आणि गेली दोन वर्षे मी खिळ्याला लटकून धूळ खातो आहे. खुशाल खातो आहे.

माझा जन्म साच्यात झाला. माझ्यासारखी हजारो भावंडे एका दिवसात बाहेर पडली, दोन्ही काचा एकाच नंबरच्या. कुणाच्या डोळ्यांसाठी, हे कुणी विचारले नाही. औषधांच्या दुकानातल्या फिरत्या स्टँडवरून मला वेंडेल हॅलकने उचलले. अमेरिकेतल्या कॅट्सकिलच्या डोंगरात, नदीकाठी त्याचे छोटे वर्कशॉप आहे. वेंडेल धरून पाच माणसे तिथे ट्राउट मासे पकडण्यासाठी खोट्या माश्या बांधतात. तांदळाएवढा गळ पकडीत धरायचा, त्यावर पिसे आणि बारीक दोरा गुंडाळायचा, की झाली माशी. मासा फसतो, माणूस खूश होतो.

वेंडेलने मला खिडकीजवळ टांगले. "ज्याला दिसत नसेल त्याने घ्या, काम झालं की परत अडकवा," तो म्हणाला. मी या नाकावरून त्या नाकावर फिरू लागलो. "माझा सगळ्यांत गुणी कामगार हाच! कधी रजा मागत नाही," असे वेंडेल येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मी फुशारून जायचो, खोटे कशाला बोलू?

सर्वांत जास्त मी असायचो लॉर्ना प्रुइटच्या नाकावर. बत्तीस वर्षे माश्या बांधणारी बाई. तिच्या माश्या नदीवर कुणीही हातात घेताच ओळखत असे. एका हिवाळ्यात माझ्या ध्यानात आले की तिची डावी पापणी मिटलेलीच असते. माझ्या डाव्या काचेतून कुणी बघतच नव्हते! हे फक्त मला ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते. त्याच सुमारास माझी दांडी तुटली. लॉर्नाने तिला माशीचाच दोरा गुंडाळला, वर लाखेचा थेंब लावला. मी मनात म्हणालो, बाई गं, मला काय जोडत बसलीस, स्वतःकडे बघ.

फेब्रुवारीत डोना केसलर नावाची विमावाली आली. कामगारांसाठी डोळ्यांचा विमा. वर्षातून एकदा तपासणी, ज्याच्या त्याच्या नंबरचा चष्मा, थोडे मालकाने भरायचे, थोडे कामगाराने. मात्र पाचांतल्या चौघांनी तरी नाव द्यायला हवे. वेंडेलने माझ्याकडे बोट दाखवले.

"आमचा विमा तो बघा, खिळ्यावर लटकलाय!"

सगळे हसले. लॉर्ना तर जरा जास्तच मोठ्याने हसली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली, मग भयंकर राग आला. मी चष्मा होतो. या माणसाने मला सबब करून ठेवले होते.

एप्रिलमध्ये मासेमारी सुरू झाली आणि तिसऱ्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने डबी आणून आदळली. माश्या देखण्या होत्या, पण दोरा आणि लाख पुढपर्यंत जाऊन गळांची नेढी बुजली होती. दोरी ओवणार कशात? पहाटेच्या गारठ्यात तो बिचारा अर्धा तास झगडला होता. गिऱ्हाईक जाताच वेंडेल नव्या कामगारावर घसरला.

"रुबेन, हे तुझेच प्रताप. आवर सामान आणि चालू लाग."

रुबेन गोरामोरा झाला. मी लॉर्नाच्या नाकावर होतो. तिच्या कपाळाचा घाम माझ्या काचांवर उतरला.

"थांब, वेंडेल. त्या माझ्या आहेत."

"त्याला पाठीशी घालू नकोस."

"डावा डोळा मिटून बांधल्यात. वर्ष झालं, त्या डोळ्यापुढे नुसतं धुकं आहे. सांगितलं असतं तर तू मला घरी बसवलं असतंस."

"अगं, पण चष्मा आहे ना—"

लॉर्नाने मला काढले आणि सरळ त्याच्या नाकावर बसवले. "हा घे धड गळ. ओव दोरा. दाखव कसा चष्मा आहे ते!"

त्याने तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा दोरा नेढ्याच्या बाजूने गेला. मी त्याला काडीची मदत केली नाही, आणि खरे सांगतो, मला ती करताही आली नसती. त्याचे दोन डोळे दोन तऱ्हेचे होते.

"आता मला काढायचं तर काढ," लॉर्ना म्हणाली. "पण आधी त्या विम्याच्या बाईला फोन कर. माझं झालं ते यांचं होऊ देणार नाही मी."

वेंडेलने फोन केला, रुबेनची माफीही मागितली. पाचही जणांनी नावे दिली. वेंडेलची सही रेघ सोडून खाली घसरली होती.

तपासणीत लॉर्नाच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डाव्याचे गेलेले परत येणार नाही. उजवा मात्र थेंबांवर टिकून आहे आणि त्याच्या जोरावर ती अजून बांधते. कमी बांधते, पण नेढे मोकळे असते.

तेव्हा मित्रांनो, माझी धूळ झटकू नका. सांभाळायचेच असेल तर डोळे सांभाळा, आणि मला नाकावर घेऊन ते सांभाळल्याचे सोंग करू नका. परवाच एका गिऱ्हाइकाने लेबल वाचायला माझ्याकडे हात नेला.

"हात लावू नकोस त्याला," लॉर्ना ओरडली. "डोळे कधी तपासलेस?"

"मला चांगलं दिसतं की!"

"मीही हेच म्हणायचे," लॉर्ना म्हणाली आणि त्याचा हात धरून खाली केला.