पेटीमागची खुंटी

नाशकात तांबट आळीत वीज आल्यावर भिकाशेठ तांबटांनी मुंबईहून रेडिओ आणला. भली थोरली सागवानी पेटी, पुढे ताणून बसवलेलं जाळीदार कापड आणि त्याखाली दोन खुंट्या. एक केंद्र लावायची, दुसरी आवाजाची. असा रेडिओ अख्ख्या गावात दुसरा नाही, असं भिकाशेठ येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि सांगताना ओरडत. उभा जन्म हंडे-घागरी ठोकण्यात गेल्यामुळे त्यांचे कान मंद झाले होते. आळीला हे ठाऊक होतं. भिकाशेठना मात्र मान्य नव्हतं.

रेडिओची एक खोड होती. खुंटी फिरवली तरी आतले दिवे तापेपर्यंत आवाज यायचा नाही. हातोडा पडला की पत्रा तिथल्या तिथे वाकतो, हे पाहत आलेल्या भिकाशेठना एवढा धीर कुठला! ते खुंटी पिळत, आणखी पिळत, शेवटच्या टोकाला नेत. मग पेटी एकदम अशी गर्जायची, की ओट्यावर झोपलेलं मांजर समोरच्या दुकानात जाऊन पडायचं.

त्यांच्या पत्नी चतुराबाई म्हणजे दुसरं टोक. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तरी यांना इथे चाहूल लागायची.

"अहो, कमी करा. बातम्या देणारा माणूस माजघरात शिरल्यासारखा वाटतोय."

"कमीच आहे! मुंबई लांब आहे, आवाजाला जोर लागतो."

एके दिवशी भिकाशेठ मालाच्या कामाला लासलगावी गेले, तसं चतुराबाईंनी भद्रकालीतून महेबूबला बोलावून घेतलं. तो ग्रामोफोन आणि रेडिओ दुरुस्त करायचा.

"महेबूब, अशी काही युक्ती कर, की ह्यांनी खुंटी पिळावी, पण आवाज वाढू नये."

महेबूब हसला. "काकी, लोक मला बिघडलेलं नीट करायला बोलावतात."

"मग आज नीट असलेलं बिघडव."

महेबूबने पुढच्या खुंटीच्या तारा सोडवल्या आणि पेटीच्या पाठीला, समोरून दिसणार नाही अशी वेगळी खुंटी बसवून त्या तिला जोडल्या. आता पुढची नुसतीच फिरणार होती. आवाज ऐकणार होता तो मागच्या खुंटीचं.

संध्याकाळी भिकाशेठनी रेडिओ लावला. आवाज बेताचाच आला. त्यांनी खुंटी पिळली, मान तिरकी करून ऐकलं, पुन्हा जरा पिळली आणि खूश होऊन म्हणाले, "आता कसा मोकळा झाला!"

चतुराबाईंनी पदर तोंडात कोंबला. पुढे कितीतरी दिवस भिकाशेठ ती मुकी खुंटी पिळत होते आणि समाधानाने मान डोलवत होते.

मग एक दिवस बातमी आली. चतुराबाईंचा धाकटा भाऊ सोमा पंचवटीत भजनं गायचा. त्याला मुंबई केंद्रावर गायला बोलावलं होतं. त्या संध्याकाळी सगळी आळी भिकाशेठच्या ओट्यावर लोटली. मागची माणसं रस्त्यावर उभी राहिली. सोमाचा आवाज सुरू झाला, पण तो उंबऱ्याच्या पुढे जाईना.

"शेठ, वाढवा की! इकडे काही येत नाही!"

भिकाशेठनी खुंटी टोकापर्यंत नेली. आवाज तिथल्या तिथेच.

चतुराबाई ताडकन उठल्या. सख्खा भाऊ गातोय आणि त्याचा गळा आपणच आवळून ठेवलाय! "काय धूळ साचलीये इथं," असं पुटपुटत त्या पेटीमागे गेल्या आणि त्यांनी मागची खुंटी फिरवली. सोमाचा आवाज आळीभर घुमला.

भिकाशेठ त्या वेळी उपरण्याने चष्मा पुसत होते. त्यांनी चष्मा धरलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं, मग कुणीच न धरलेल्या खुंटीकडे. तेवढ्यात पेटीमागे बांगड्या चमकल्या.

त्यांनी सावकाश खुंटी धरली आणि डावीकडे फिरवली. पेटीआडून डोकावणाऱ्या चतुराबाईंनी ते पाहिलं आणि घाईने आवाज उतरवला. भिकाशेठनी उजवीकडे फिरवली, आवाज चढला. मग काय, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे! सोमा विहिरीत उतरत होता आणि वर येत होता, बांगड्या झांजेसारख्या वाजत होत्या आणि भिकाशेठ पूजेला बसल्यासारखे गंभीर होते.

"वा! काय चढ-उतार घेतोय सोमा!" रस्त्यावरून कुणीतरी दाद दिली.

माणसं पांगल्यावर चतुराबाई घाम पुसत बाहेर आल्या.

"कुणाची ही कारागिरी?" भिकाशेठनी विचारलं.

"महेबूबची. पण सांगितलं मी."

"मला आधी बोलायचं होतंस."

"रोज बोलत होते. ऐकू आलं का?"

भिकाशेठ हसायला लागले ते थांबेनात. मग डोळे पुसत म्हणाले, "नाही आलं. हल्ली हातोड्याचा नादसुद्धा नीट येत नाही गं."

 चतुराबाईंनी नवऱ्याची खुर्ची ओढून पेटीला भिडवली, त्यांचा कान त्या जाळीदार कापडापाशी येईल अशी. मागे जाऊन आवाज बेताचा केला.

"येतंय?"

"येतंय. स्पष्ट येतंय."

दुसऱ्या दिवशी महेबूब तारा पहिल्यासारख्या जोडायला आला, तर भिकाशेठनीच त्याला चहा पाजून परत पाठवलं. आवाजाचं काम चतुराबाईंकडेच राहिलं.

चार दिवसांनी सोमा मुंबईहून परतला, तो गोंधळलेलाच. "ताई, जो तो माझ्या चढ-उताराचं कौतुक करतोय. मी तर अगदी सरळ गायलो! भाऊजी, तुम्ही ऐकलंत ना? नक्की काय झालं?"

चतुराबाई दूध बघायला लगबगीने आत गेल्या. भिकाशेठनी कानामागे हात धरला.

"काय म्हणालास? जरा मोठ्याने बोल बाबा. मला कमी ऐकू येतं."